अकोल्याचे दातांचे डॉक्टर

कुंदा, आधी एवढंच सांग. तुझी दाढ खरंच कधी दुखली होती का?

तू जाऊन आज बावीस दिवस झाले. गेलेल्या माणसाला असले प्रश्न विचारत नाहीत, हे मला कळतं. त्याला म्हणायचं असतं, तुझ्यावाचून जग सुनं झालं. पण तुझ्यावाचून जग सुनं झालेलं नाही. राजापेठेत दुचाकींची तीच झुंबड आहे, क्लासमधून पोरं तशीच लोंढ्याने बाहेर पडतात, आणि चौपाटीवरचा तो पावभाजीवाला तव्यावर उलथनं अजून तसंच आपटतो, जणू कुणी बहिरं गिऱ्हाईक यायचं आहे. सुने झाले ते माझे रविवार संध्याकाळचे दोन तास. त्यांच्यावर मी येईनच. आधी दाढ.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्याबद्दल जे बोललं गेलं ते तू ऐकायला हवं होतंस. तुला जन्मात दोनदा भेटलेल्या एका गृहस्थांनी, शाल सावरत, तू अजातशत्रू होतीस असं सांगितलं. तुझे तीन शत्रू तेव्हा पहिल्या रांगेत बसले होते आणि माना डोलावत होते. मग ते म्हणाले, ‘ताईंची साधी राहणी, उच्च विचारसरणी.’ मी सवयीने डावीकडे पाहिलं. अशा वाक्यानंतर तू कोपराने ढोसत असायचीस. डावीकडच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स ठेवलेली होती.

प्रज्ञाने मलाही बोलायला सांगितलं. मी चार वाक्यं बोलले आणि चारही खोटी नव्हती, पण खरीही नव्हती. तेव्हा राहिलेलं हे आता.

आपण भेटलो त्या क्लासच्या दारात. दहावीच्या पोरांची दर रविवारी पाच ते सात टेस्ट असायची. माझा मुलगा आत, तुझी प्रज्ञा आत, आणि बाहेर आपल्यासारख्या तीस-चाळीस आया, गाडीच्या सीटवर बसून पोरांच्या मार्कांबद्दल एकमेकींशी खोटं बोलणाऱ्या. तू मला ओळखतही नव्हतीस. सरळ माझ्या स्कूटीपाशी येऊन म्हणालीस, “काय वो, तुमचं बी पोरगं आत हाय ना? मंग आपण काहून बाहेर परीक्षा देऊन राहिलो? चाला, काई खाऊ.”

आणि आपण चौपाटीवर गेलो. मैदानाच्या भिंतीला लागून उभी राहणारी गाड्यांची एक रांग, तिला आपल्या अमरावतीत चौपाटी म्हणतात. समुद्र शेकडो कोसांवर, पण नावं ठेवताना आपण कधी हात आखडता घेतला आहे? तुझ्या ताटात त्या दिवशी आलूबोंडा होता. तू पहिला घास घेतलास, माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हणाले, “यातला आलू निवृत्त झाल्यासारखा वाटतो.” तू तोंडावर हात ठेवून हसलीस. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि गाडीवाला घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.

त्या हसण्यासाठी मी पुढची पंधरा वर्षं जमेल त्या रविवारी घर सोडलं. पोरं क्लास संपवून, कॉलेज संपवून पुण्याला गेली. आपली टेस्ट चालूच राहिली.

नियम माझे होते, हे मान्य करते. रांगेच्या एका टोकापासून सुरुवात. एकही गाडी सोडायची नाही. एक प्लेट, दोन चमचे. आणि सगळी रांग पुरी झाल्याशिवाय एकाही गाडीवर दुसऱ्यांदा जायचं नाही. लग्नसराई, पाऊस, तुझी दुखणी, माझे पाहुणे वजा जाता वर्षाला जेमतेम वीस रविवार हाती लागायचे, आणि तोवर चार गाड्यांचे मालक बदललेले असायचे. मालक बदलला की गाडी नवी, हाही नियम माझाच. त्यामुळे ती रांग कधी संपलीच नाही.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. तिथे दर उन्हाळ्यात पडताळणी असते. कपाट उघडायचं, फळीवरचं एकेक पुस्तक नंबराने तपासायचं, जागेवर आहे की नाही एवढं पाहून पुढे जायचं. मध्येच एखादं पुस्तक उघडून वाचत बसणारा माणूस पडताळणीच्या कामाचा नसतो. नव्या मुलांना मी हे फार कडकपणे सांगायचे. चौपाटीवर मी पंधरा वर्षं काय केलं, ते मला आता, या बावीस दिवसांत कळलं.

पण मजा आली होती ना, कुंदा? तो खाऊ महोत्सव आठव. मैदानात मांडव, कमान, तिच्यावर पाहुण्यांचे जेवढे चेहरे तेवढे पदार्थही आत नव्हते. सगळ्या गाड्यांना सांगितलेलं, फीत कापल्याशिवाय विक्री नाही. प्रमुख पाहुण्यांना यायला दीड तास लागला. त्यानंतर दीपप्रज्वलन. वारा होता, दिवा विझे, पुन्हा लावत, पुन्हा फोटो. मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग वऱ्हाडच्या खाद्यसंस्कृतीवर भाषण. समोर परातीत काढून ठेवलेली भजी मऊ पडत होती आणि वक्ते कुरकुरीतपणाबद्दल बोलत होते. तू उठलीस. सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने चालत गेलीस, परातीतलं एक भजं उचललंस आणि तोंडात टाकलंस. स्वयंसेवक धावत आला. “ताई, अजून उद्घाटन व्हायचं आहे!”

“माह्यं झालं,” तू म्हणालीस.

परत येऊन बसलीस आणि माझ्या कानात बोललीस, “नापास. भाषण बी आन भजं बी.” निकाल सांगताना तू तुझा ऑफिसचा आवाज काढायचीस, जमीन मोजणीच्या कार्यालयात बसून बसून कमावलेला. वाक्य माझं, निकाल तुझा, अशी आपली वाटणी होती. चीज भरलेल्या बोंड्याला मी ‘बढती मिळालेला कारकून’ म्हटलं, काम तेच, कपडे नवे. तू ते ऐकून बाकावरून खाली यायची राहिली होतीस.

मुंगवडे मात्र तू सरसकट नापास केलेस. रांगेत मुंगवड्यांच्या गाड्या थोड्या होत्या का? एकूण एक नापास. कुठे डाळ फार बारीक वाटलेली, कुठे सोड्याचा वास, कुठे सोबतची मिरची धड तळलेली नाही. मीही मान हलवायचे. आता सांगायला हरकत नाही, कोपऱ्यावरच्या त्या चष्मेवाल्या बाईचे मुंगवडे मला फार आवडले होते. गरम, वरून खरपूस, आत दाण्यादाण्याचे. पण तुझा चेहरा पाहिला आणि मी म्हणाले, “मूग आहेत, वडेही आहेत, दोघांची ओळख करून द्यायची राहिली.” तू हसलीस. त्या बाईवर मी अन्याय केला. तुझ्या हसण्यापुढे मला तेव्हा न्यायाचं काही वाटलं नाही.

आता दाढ.

दोन वर्षांपूर्वी तू निवृत्त झालीस. वीस वर्षांचं अमरावती-अकोला अप-डाउन संपलं. आता तुला रोज सकाळी गाडी पकडायची नाही, मला वाटलं होतं तू सगळी माझ्या वाट्याला येशील. बोलले नाही, पण आठवड्यातला बुधवारही मी मनात तुझ्या नावाने राखून ठेवला होता. आणि दुसऱ्याच महिन्यात तू म्हणालीस, “उद्या अकोल्याले चालली. दाढ लय ठणकून राहिली.”

“अकोल्याला कशाला? इथे डॉक्टर मेले का?”

“तिथचा डॉक्टर चांगला हाय वो. हात हलका हाय त्याचा.”

मग दर महिन्याला. एकदा मुळापर्यंत साफ करायची म्हणून, एकदा टोपी बसवायची म्हणून, मग टोपी हलली म्हणून. मी म्हणाले, मी येते सोबत. तू म्हणालीस, “तू काय करशीन तिथं? माह्यं तोंड उघडं, तुह्यं बी उघडं, बोलन कोण?” मी तुला लवंगाचं तेल आणून दिलं. एकदा नाही, पाचदा. प्लेटमधला मऊ भाग तुझ्याकडे सरकवला. आणि भाजलेल्या कणसाची गाडी आली तेव्हा, पंधरा वर्षांत एकदाच, मी नियम मोडला. ती गाडी आपण सोडली. तुझी दाढ म्हणून.

आणि नेमका शेवटच्या रविवारी मोडला नाही.

त्या दिवशी पाळी होती एका नव्या गाडीची. वर फिरते दिवे, ‘शाही’ नाव. चौपाटीवर शाही म्हणजे काजूचा अर्धा तुकडा. तू दोन पावलं मागेच थांबलीस. म्हणालीस, “वसू, आज तिथं जाऊ ना. मागच्या महिन्यातल्या त्या गिल्या वड्यावर.” दह्यात भिजलेला, वर लाल चटणीची रेघ असलेला तो वडा आपण पास केला होता, विशेष प्रावीण्यासह.

मी म्हणाले, “झाला ना तो.”

“झाला म्हणजे? संपला का तो? मले अजून खावा वाटते.”

“नियम म्हणजे नियम, कुंदा. मग सगळेच नियम सोडू.”

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. “तुले खाणं नाई पायजे वसू. तुले निकाल पायजे.”

आपण शाही गाडीवर गेलो. मी दोन वाक्यं टाकली, दुसरं बरं होतं. तू हसली नाहीस. चमचा बाजूला ठेवून म्हणालीस, “चाल, घरी जाऊ, दमली मी.” मला वाटलं रुसलीस. पुढच्या रविवारी काय बोलायचं ते मी तीन दिवस जुळवत होते. गुरुवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला. ती रजेवर आलेली होती म्हणून निदान तू एकटी नव्हतीस.

पुण्यानुमोदनाचं जेवण झाल्यावर प्रज्ञाने मला आतल्या खोलीत बोलावलं. तुझं कपाट उघडं होतं. तिने माझ्यापुढे हात केला. हातात लवंगाच्या तेलाच्या पाच बाटल्या.

“मावशी, आईनं हे एवढं काहून जमा करून ठेवलं? एकीचंही सील तोडलं नाही.”

“तिची दाढ दुखायची ना,” मी म्हणाले.

“आईची? आईचे दात तर माझ्यापेक्षा चांगले होते.”

पलंगावर एक बाई तुझे ब्लाऊज घड्या करत बसली होती. माझ्याच वयाची, डोक्यावरून ओढणी, नाकावर चष्मा घसरलेला. मघाशी वंदना चालू असताना ती तुझ्या फोटोच्या अगदी जवळ बसली होती आणि प्रज्ञा आल्याबरोबर आधी तिच्या गळ्यात पडली होती. माझ्या गळ्यात नंतर. ही गोष्ट मी तेव्हाच नोंदवली होती. दाढ हा शब्द ऐकला आणि ती बाई एकदम हसली. मग तिलाच ते बरं वाटलं नाही. तिने ओढणी तोंडाशी धरली आणि तिथल्या तिथे रडू लागली.

“ही रजिया खाला,” प्रज्ञा म्हणाली. “अकोल्याची. आईच्या ऑफिससमोर तिचं शिलाईचं दुकान आहे.”

खाला. मी पंधरा वर्षांची मावशी, आणि ही खाला.

“तुमी वसूबाई ना?” तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मेरेको माफ करो बाई. वो दात की डॉक्टर मैंच हूं.”

मग सगळं कळलं. वीस वर्षं, रोज दुपारी दीड वाजता, तू ऑफिसातून निघून समोरच्या दुकानात जायचीस. दुकानाला लागून एक मुंगवड्यांची गाडी. तुम्ही दोघी एका बाकावर बसून मुंगवडे खायच्यात. निवृत्तीआधीची वीस वर्षं, म्हणजे माझ्या आधी सात. निवृत्तीनंतरही तुला ते सोडवलं नाही, म्हणून दाढ.

“रोज मुंगवडेच?” मी विचारलं. माझा आवाज ग्रंथालयातला निघाला, उशिरा पुस्तक परत करणाऱ्याशी बोलावं तसा.

“रोज.”

“कधी दुसऱ्या गाडीवर नाही गेलात?”

“कायले?” ती खरंच गोंधळली.

“मग मला का नाही सांगितलं तिने? मी काही खाल्लं नसतं तुम्हाला.”

रजियाने एका ब्लाऊजची घडी मोडली, पुन्हा घातली. “बुरा मत मानना. मी म्हणो तिले, एक दिवस घेऊन ये ना तुह्या मैत्रिणीले. ते म्हणे, नाई रजिया, वसूले आणलं त ती मार्क देईन.”

कुंदा, मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी बरंच काही म्हटलं आहे. ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या बाईला चेटकीण म्हणणारी पोरंही भेटतात. पण इतकं नेमकं कुणी म्हटलं नव्हतं. आणि तू ते मला नाही, तिला सांगितलंस.

त्या दिवसापासून मी जळते आहे. शोक करते आहे असं घरात समजतात, मी समजू देते. तू केलेले ते सगळे नापास मुंगवडे मला रांगेने आठवतात. तू त्यांना माझ्या वाक्यांवर नाही, अकोल्याच्या मापाने मोजत होतीस. आणि मी, माप कुणाचं ते माहीत नसताना, मान हलवत होते. चौपाटीच्या कोपऱ्यावरच्या त्या चष्मेवाल्या बाईची मला खरोखर माफी मागायची आहे.

परवा मी अकोल्याला गेले. घरी सांगितलं, ग्रंथालयाच्या एका जुन्या कामासाठी. बडनेऱ्याहून गाडीत खिडकी मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत माझी दोन वाक्यं तयार झाली होती, पुढे तिसरं सुचलं. तिसरं उत्तम होतं. ‘वीस वर्षं टिकलेल्या गोष्टींना आपण चव म्हणतो, खरं तर ती सवय असते.’ तो मुंगवडा मी सपशेल नापास करणार होते, रजियाच्या तोंडावर, अकोल्याच्या भर दुपारी.

दुकान अरुंद. एक मशीन, एक आरसा, मागे कापडांचे गठ्ठे. रजियाने मला पाहिलं, आश्चर्य काही दाखवलं नाही. “बसा,” म्हणाली, आणि मग माझ्या बाहीकडे पाहून, “मुंढा तंग हाय तुमचा. हात वर नाई होत असंन.” होत नव्हता. तीन वर्षांपासून होत नव्हता. तुझे ब्लाऊज इतके अंगासरशी कसे बसतात, असं मी किती वेळा विचारलं होतं! “अकोल्याची हाय एक,” एवढं म्हणून तू विषय बदलायचीस. मला वाटायचं, तुला शिलाईचं बोलायला कंटाळा येतो.

दीड वाजता आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाकाचा एक पाय आखूड. भिंतीकडच्या बाजूला रजियाने मला बसू दिलं नाही. तिथे आपली पिशवी ठेवली. कागदावर मुंगवडे आले, सोबत कांदा, दोन मिरच्या. मी एक तोडला, खाल्ला.

साधा होता, कुंदा. अगदी साधा. बाहेरून मऊ पडलेला, मधे थोडा कच्चट, आणि मीठ जास्त. चौपाटीवरच्या कुठल्याही गाडीवर तो आपण दोघींनी एकमताने नापास केला असता.

माझं वाक्य तयार होतं. मी रजियाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. पहिल्या घासानंतर तू जशी माझ्या तोंडाकडे पाहायचीस, तसं पाहायची तिला सवयच नव्हती. ती रस्त्याकडे पाहत खात होती. वाक्य सांगू कुणाला? घासाबरोबर गिळलं.

मीच विचारलं, “तुम्हाला आवडतात हे?”

“नमक ज्यादा हाय,” रजिया म्हणाली. “पहिलेपासूनच ज्यादा हाय.”

“आणि कुंदाला?”

“ते बी हेच म्हणे.”

“मग?”

“मंग काय?”

मुंगवडा चांगला निघाला असता तर बरं झालं असतं. मी मुंगवड्याकडून हरले असते, आणि त्यात काही लाज नाही. मोठमोठी माणसं मुंगवड्यांकडून हरली आहेत. पण मीठ जास्त असलेल्या मुंगवड्यासाठी तू दर महिन्याला गाडीने यायचीस, खोटी दाढ दुखवून, म्हटल्यावर मी कुणाकडून हरले ते उघड होतं.

“काय बोलायच्या तुम्ही दोघी?”

“कधी बोलो, कधी नाई,” ती म्हणाली. “घरचं, बीपीचं, प्रज्ञाच्या लग्नाचं. आन मंग ते झोपे.”

“झोपे? कुठे?”

तिने दुकानात मागे बोट दाखवलं. “तिथं. गठ्ठ्यांवर. खाल्लं का पडे जराशी. मी मशीन चालवो, तिले आवाजानंच झोप लागे. घोरे बी.”

मी त्या गठ्ठ्यांकडे पाहत राहिले. तू माझ्यासमोर पंधरा वर्षांत एकदा जांभईसुद्धा दिली नव्हतीस. नेहमी ताठ, नेहमी तरतरीत, पुढच्या वाक्याची वाट पाहणारी. मला वाटायचं तू अशीच आहेस. दमत असशील, माझ्यासाठी दमत असशील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. घोरत असशील हे तर नाहीच. मी तुला झोपलेली एकदाच पाहिली, त्या गुरुवारी.

मला वाटतं मी तिथे रडले. रजियाने एक नवा कोरा अस्तराचा तुकडा कापून दिला, नाक पुसायला. दुसऱ्या कुणी रुमाल दिला असता.

मग तीच म्हणाली, “मजाक मोठे करे हो ती. एक डाव म्हणे, रजिया, आमच्या अमरावतीत चीजवाला बोंडा आला, तो म्हणजे बढती भेटलेला कारकून. काम तेच, कपडे नवे. मी हसून हसून सुई बोटात टोचून घेतली होती.” ती तेव्हाचं बोट पाहायला लागली. “कसं सुचे तिले कोण जाणे!”

कुंदा, तू माझी वाक्यं अकोल्याला आणून आपली म्हणून खपवत होतीस. मला राग यायला हवा होता. तो यायच्या आधीच दुसरं काहीतरी आलं, त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. माझी वाक्यं रविवारी तुझ्याबरोबर घरी जात होती, सोमवारी गाडीत बसून अकोल्याला येत होती, आणि या बाकावर पुन्हा हसू मिळवत होती. मी तिथे नसताना. माझं बोलणं मी असल्याशिवाय कुणाला हवं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “तिला सुचायचं खरं.”

ते वाक्य तुझ्याच नावावर राहू दे. आणखीही काही नेली असशील, तीही ठेव.

निघताना रजियाने टेप काढून माझं माप घेतलं, मी नको म्हणेपर्यंत घेऊन झालं होतं. “पुढच्या महिन्यात या,” म्हणाली. “मुंढा खोलून देतो.” मी तिला म्हणाले, तेवढ्यासाठी इतक्या लांब? ती म्हणाली, “दात बी पाहून देईन ना.” आणि आम्ही दोघी, तुला माती देऊन महिनाही झालेला नसताना, भर रस्त्यात हसलो. निघताना मी पाहिलं, तिने भिंतीकडच्या जागेवरची पिशवी उचलली नव्हती. पुढच्या महिन्यात मी त्या जागेवर डोळा ठेवणार आहे. बसेनच असं नाही. पण तुलाही थोडं जळू दे. पुण्यानुमोदनापासून मी एकटीच जळते आहे.

गिल्या वड्यावर मी अजून गेलेले नाही. या रविवारी गाडी काढली होती, कोपऱ्यापर्यंत जाऊन परतले. तू ‘मले अजून खावा वाटते’ म्हणालीस तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. ते म्हणायला मला कुठल्या गाडीवर जावं लागणार आहे, हे अजून कळलेलं नाही. रागावू नकोस. पडताळणीची सवय जायला वेळ लागतो.

परवा घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमचे हे दारातच उभे. म्हणाले, “एवढा वेळ? कसलं काम होतं ग्रंथालयाचं अकोल्यात?”

मी चप्पल काढली. म्हणाले, “काम नव्हतं. दाढ दाखवायला गेले होते. कुंदाचे ते डॉक्टर.”

“मग? काय म्हणाले?”

“पुन्हा बोलावलंय. बऱ्याच फेऱ्या होतील.”

त्यांनी चष्मा लावून माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. “चेहरा सुजलाय खरा,” म्हणाले, आणि लवंगाचं तेल शोधायला आत गेले.